सुळा आणि मामा

दाताच्या दुखण्याला कुणी आजार म्हणत नाही. ताप आला तर लोक मोसंबी घेऊन भेटायला येतात, पाय मोडला तर प्लास्टरकडे बघून हळहळतात. दात म्हटलं की विचारतात, "अजून चाललंच आहे का तुझं ते तारांचं?" आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या विषयाकडे वळतात. माझं ते तारांचं काही वर्षं चाललं. त्यात मी आईशी अबोला धरला, ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि शेवटी माझ्या मामीसमोर मान वर करता येईना अशी वेळ माझ्यावर आली.

आत्ता हे लिहायला बसले त्याला कारण आमच्या ऑफिसातली एक मुलगी. तिने परवा तिचा एक्स-रे दाखवला. तिचाही वरचा सुळा टाळूत आडवा. "मॅडम, खूप दुखतं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, दुखतं, पण त्याला गोळी असते. बाकीचं चहाच्या सुट्टीत सांगून होण्यासारखं नव्हतं.

घरात न बोलायची गोष्ट

मी तान्ही असताना माझे वरचे दात आधी आले. आमच्याकडे असे दात मामाला जड मानतात. त्यावर तोडही असते, निदान आमच्या घराण्यात होती: मामाने यायचं, भाचीच्या हातात चांदीची वाटी द्यायची आणि मगच तिचं तोंड बघायचं. माझे थोरले मामा मराठवाड्यात गावी शेती करायचे. पेरणी झाली की वाटी घेऊन हैदराबादला येतो, असा त्यांचा निरोप होता. पेरणी झाली आणि शेतातली मोटार चालू करताना त्यांना शॉक लागला. ते जागीच गेले.

मला कुणी कधी बोल लावला नाही. फक्त आमच्या काचीगुड्याच्या घरात माझ्या वरच्या दातांचा विषय निघायचा बंद झाला. आई माझी वेणी घालायची, डोळ्यांत काजळ घालायची, पण मी तोंड उघडून हसले की ती दुसरीकडे बघायची. जामबागच्या मराठी शाळेत दात तपासायला डॉक्टर आले होते. ते म्हणाले, हिचा वरचा एक दुधाचा दात अजून पडला नाही, दाखवून घ्या. आई म्हणाली, "असू दे. पडल तवा पडल." तो पडला नाही. मी चोवीस वर्षांची झाले, बाबा गेले, मी आबिड्सला एका ऑफिसात अकाउंट्स बघायला लागले, तरी तो इवलासा दात जागेवरच होता. नातेवाइकांना त्याचं कौतुक वाटायचं. माझं हसणं लहान लेकरासारखं आहे म्हणायचे.

आडवा

एकदा जाम खात होते. पेरूला आम्ही हैदराबादचे लोक जाम म्हणतो. चावा घेतला आणि समोरच्या दाताशेजारचा दात हलला. जिभेने ढकलून बघितलं, खरंच हलत होता. चोविसाव्या वर्षी समोरचा दात हलतो म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आई दवाखान्यात यायला तयार होईना. मग मी धाकट्या मामाला, दत्तामामाला, फोन केला. बाबा गेल्यापासून आमच्या घराचा गॅस संपण्यापासून माझ्या कॉलेजच्या प्रवेशापर्यंत सगळं तोच बघायचा. तो राज्य सरकारच्या एका खात्यात कारकून होता आणि आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. स्कूटर काढून तो मला नारायणगुड्याला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता, आणि मामा माझ्यापुढे दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या, आमच्याशी दखनीत बोलायच्या. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. "देखो अम्मा, तुम्हारा असली दांत ये है. टालू में आडा सोरा. और इसके धक्के से बाजूवाले की जड़ खतम होरी."

मी बघितलं. दातांच्या सरळ रांगेवर एक लांबलचक दात आडवा पडला होता, आणि त्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळात घुसलं होतं. ते मूळ अर्धंच उरलं होतं.

मामाने विचारलं, "निकालके फेक दिये तो, मॅडम?"

"फेक दिये तो गड्ढा रहता, और बाजूवाले का भी भरोसा नहीं. इसको धीरे धीरे खींचके जगह पे लाना. आया तो दोनों बचते."

"और नहीं आया तो?"

"तो दोनों जाते."

मला बाकीचं काही ऐकू आलं नाही. समोरचे दोन दात नसलेलं माझं तोंड मला दिसायला लागलं. लोक म्हणतील, दोन दातांचं काय एवढं. ज्यांच्या तोंडात ते आहेत त्यांनी म्हणावं. जिना उतरताना मामा म्हणाला, "अक्काला मी सांगतो. तू गप बस."

चांदीची वाटी

आई तांदूळ निवडत होती. मामाने तिला सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला ठेवलं.

"वरचा दात. अन् तूच नेलास तिला."

"हौ, मीच नेलो. अक्का, तान्ह्या लेकराचं वेगळं असतंय. ही घोडी झाली आता."

"दात तो दातच."

खूप वाद झाला. शेवटी आई म्हणाली, करायचंच असेल तर आधी वाटी आण. मामा हसला आणि दुसऱ्या दिवशी खरोखर चांदीची वाटी घेऊन आला. माझ्या हातात ठेवली, मग हनुवटी धरून माझं तोंड बघितलं आणि आईला म्हणाला, "झालं का समाधान?" आईने वाटी देवापुढे ठेवली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. त्या दिवसापासून ती मामावर पाळत ठेवायला लागली. तो शिंकला की विचारायची, कधीपासून सर्दी आहे. जेवताना एक पोळी कमी खाल्ली तर मामीला फोन करायची. हळूहळू मामा आमच्या घरी शिंकायचाही बंद झाला. आम्ही त्यावर हसायचो. मीही हसायचे.

साखळी

जे या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी दुधाचा दात काढतात. मग सगळ्या दातांना तार लावून जागा करतात, त्यात महिने जातात. मग टाळू उघडून आतल्या सुळ्यावर एक छोटी चकती चिकटवतात आणि तिला बारीक साखळी लावून तारेला अडकवतात. दर महिन्याला ती साखळी जराशी ओढायची. टाळू उघडताना इंजेक्शनमुळे दुखत नाही, पण आवाज येतात, आणि ते आवाज आपल्याच डोक्यातून येतात. मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की नंतर बोटं सरळ होईनात. घरी आल्यावर तोंड सुजून भोपळा झालं. आईने ज्वारीची आंबील केली, चमच्याने भरवली आणि भरवतानाही माझ्या कपाळाकडे बघत राहिली.

ती वर्षं शहराचीही धड नव्हती. वेगळं तेलंगण होणार की नाही, याच्यावरून आज बंद, उद्या रस्ता रोको, परवा संप. महिन्यापूर्वी घेतलेली वेळ त्या सकाळी पाळता येईल की नाही, हे दूध आणायला गेल्यावर कळायचं. मामाचं ऑफिस संपात होतं, त्यामुळे त्याला वेळच वेळ होता. मोठे रस्ते बंद असले की तो गल्लीबोळांतून स्कूटर काढायचा.

एका बंदच्या दिवशी तार सुटली आणि तिचं टोक गालात रुतलं. बोलले की टोचायचं, गिळलं की टोचायचं. दवाखाना बंद. टोचू नये म्हणून तारेवर लावायचं मेण संपलेलं. दुपारपर्यंत गालातून रक्त यायला लागलं तेव्हा मामाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या जवळच राहायच्या. म्हणाल्या, पीछे की गल्ली से लेके आओ. त्यांनी स्वतः येऊन शटर अर्धं वर केलं, आम्ही वाकून आत गेलो, आणि लाइट नव्हती म्हणून मामाने मोबाइलचा टॉर्च धरला. त्यांनी तार कापली आणि पैसे घेतले नाहीत. त्या सबंध वर्षातलं तेवढंच एक बरं आठवतं.

हलत नाही

यानंतरचे महिने मला आठवायचे नसतात. दर महिन्याला डॉक्टरीणबाई आरसा आत घालायच्या, सुळ्यावर टकटक करायच्या, नवीन एक्स-रे जुन्याच्या शेजारी धरायच्या. मग म्हणायच्या, "हिलता नहीं." दात कधी कधी हाडाला चिकटून बसतो, मग कितीही ओढा, येत नाही. आमचा तसा आहे की काय, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. "और थोड़ा देखते," म्हणायच्या. इकडे शेजारचा दात जास्तच हलायला लागला होता. मी त्याला जीभसुद्धा लावायचे नाही. झोपताना वाटायचं, सकाळी उशीवर सापडेल.

मी पार खचले. नट्टापट्टा करणारी मी कधीच नव्हते, पण आता आरशासमोर उभं राहणंच सोडलं. ऑफिसात तोंडावर रुमाल धरून बोलायचे. मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही. साऱ्या शहराचे लोक कशासाठी तरी रस्त्यावर उतरले होते आणि मी एका दातासाठी झुरत होते, याची लाज वाटायची, आणि लाज वाटून दुःख कमी होत नव्हतं. हे संपणारच नाही, असं मला अगदी खरोखर वाटत होतं.

त्यातच आईशी वाजलं. मी कण्हत होते, ती म्हणाली, "काढून टाक ना एकदाचा. काय करायलीस जिवाचं."

"अन् समोरचा गेला म्हणजे?"

"दात बसवता येतो. भाऊ बसवता येत नाही."

मी ताट सरकवून उठले. नंतर बरेच दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मामा मध्ये निरोप्या झाला. तिला सांगायचा, पोरगी बरी आहे. मला सांगायचा, "लाइट घे ग, मनावर घेऊ नको. तिचा एक भाऊ गेलाय. भीतीला डोकं नसतंय."

त्याच सुमारास तो दवाखान्यात वर यायचा बंद झाला. "तू जाऊन ये, मी खाली इराण्याकडं चहा पितो," म्हणायचा. मला वाटलं, तोही कंटाळला. कोण नाही कंटाळणार.

आला

राज्याचा निर्णय झाला. मामाच्या ऑफिसात फायली, खुर्च्या, माणसं, सगळ्यांची वाटणी सुरू झाली आणि तो संध्याकाळी उशिरा यायला लागला. तरी माझ्या तारखेला यायचाच. अशाच एका तारखेला, खुर्चीवर बसण्याआधी, दुधाच्या दाताच्या मोकळ्या जागेत जिभेला काहीतरी कडक लागलं. आधी वाटलं, तांदळाचा दाणा. डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला आणि त्या हसल्या. "आगया अम्मा. देखो, नोक दिखरी."

मी जिना धावत उतरले. मामा इराण्याकडे नव्हता. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. थंडीचे दिवस, आणि त्याचा शर्ट घामाने चिकटला होता. हात छातीवर.

"काय झालं?"

"ऍसिडिटी. दाखव आधी."

त्याने तिथेच फूटपाथवर मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या तोंडात बघितलं. खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अक्काला आताच सांगू नको."

त्याच आठवड्यात तो ऑफिसात, फायलींचे गठ्ठे उचलताना, कोसळला.

वॉर्डाबाहेर

हार्ट अटॅक होता. रक्तवाहिन्या ठिकठिकाणी बंद झाल्या होत्या. बायपास करावा लागेल म्हणाले, आणि इतके दिवस काय करत होता, असं डॉक्टरांनी मामीला विचारलं.

मामीने ते उत्तर आम्हाला दिलं. हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात, बाकावर बसून, माझ्याकडे न बघता. "वर्ष होत आलं छातीत दुखायलंय त्यांना. जिने चढवत नव्हते. मी म्हणलं, दाखवा. म्हणले, अक्काला कळलं तर ती पोरीची तार त्याच दिवशी काढायला लावल. दात येऊ दे, मग दाखवतो." मग तिने विचारलं, "आला का दात?"

मी मानेनेच हो म्हटलं. आईने भिंतीला डोकं टेकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त म्हटलं, "काढून ये. ऑपरेशनच्या आधी."

आणि मी गेले. खरं सांगायचं तर, तोपर्यंत माझा त्या गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. त्या व्हरांड्यात तो विश्वास बसला. माझा दात टोक काढत होता आणि आत माझा मामा मरायला टेकला होता, यापुढे मला काही सुचत नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, सगळं काढा. त्यांनी कारण विचारलं. मी ते सांगितलं आणि ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निकालना बड़ा काम नहीं. कल आके बोलो, कल निकालती." मी त्यांच्याशी भांडले. त्यांनी हातमोजेच घातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्हाला मामाजवळ जायला परवानगी मिळाली. नाकात नळी, छातीला वायरी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तार जागेवर बघून आईला जवळ बोलावलं.

"अक्का, तिची तार काढायला लावलीस म्हणं."

आईने माझ्याकडे बघितलं.

"ऐक. तू तार काढशील अन् मी बरा होईन. मग तू जन्मभर म्हणशील, तार काढली म्हणून भाऊ वाचला. अन् ही पोरगी माझ्यासमोर बोळकं घेऊन फिरल. मी हिच्याकडं कसं बघू? मला नक्को तसलं जगणं." त्याला दम लागला. "अन् मी मेलो, तर माझ्या दुखण्यानं मेलो. मीच लपवलो. तिच्यावर घालू नको."

"गप पड," आई म्हणाली. तिने त्याच्या पायांवरची चादर सारखी केली, मग परत एकदा सारखी केली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तुझी तारीख कधी हाय?" पुढच्या तारखेला ती माझ्याबरोबर आली. बाहेरच्या खुर्चीवर पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि आतून माझा आवाज आला की उठून दारापर्यंत यायची.

नंतर

बायपास झाला. मामा घरी आला. पण उशीर झाला होता, हृदयाची ताकद गेली होती, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. तो घरातल्या घरात फिरायचा आणि महिन्यातून एकदा मला समोर बसवून दात किती खाली आला ते बघायचा. सुळा जागेवर आला. शेजारच्या दाताला मागून बारीक तार चिकटवली आहे, जन्मभर राहील, आणि तो टिकला आहे. तारा निघाल्या त्या दिवशी मामाने दवाखान्यात यायचा हट्ट धरला. एका जिन्यावर तो इतका थांबला की डॉक्टरीणबाईच खाली उतरून आल्या.

त्यानंतरच्या थंडीत तो झोपेतच गेला.

तेराव्याला गावाकडची माणसं आली होती. पंगत बसली होती. मी खाली मान घालून, तोंडावर हात धरून बसले होते. आई आणि मामी वाढत होत्या. आमची एक लांबची चुलती पाटावर टेकत शेजारणीला म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोन्ही मामा खाल्ले की हिच्या वरच्या दातानं."

मामी भाताचं पातेलं घेऊन जिथल्या तिथे थांबली. मला ते माहीतच होतं, कधीतरी कुणीतरी हे म्हणणार. मी फक्त जमीन फाटायची वाट बघत होते.

आईने वरणाची पळी भांड्यात ठेवली.

"तिच्या दाताचं नाव काढायचं नाही," ती म्हणाली. "तो माझ्या भावानं आणलाय."

मग ती वाढत वाढत माझ्यापर्यंत आली, खाली वाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हात काढ तोंडावरचा. अन् नीट जेव."